मापाऱ्याचं वजन

डॉक्टरांनी बाबांना तीन गोष्टी सांगितल्या. मीठ कमी, पाणी दिवसाला दीड लिटर, आणि रोज सकाळी वजन. पहिल्या दोन गोष्टी बाबांनी मान हलवत ऐकल्या. तिसरी ऐकल्यावर त्यांनी विचारलं, "कोन्या काट्यावर?"

"कोणत्याही. घरी असेल त्या."

"कोन्ताबी कसा चालीन?" बाबा म्हणाले आणि खुर्चीत सरसावून बसले. हे प्रकरण लांबणार, हे मला तिथेच समजलं.

डॉक्टर माझ्यापेक्षा वयाने लहान आणि बरेच शांत. बाहेर पेशंटांची रांग होती तरी त्यांनी सगळं समजावून सांगितलं. बाबांचं हृदय थकलं आहे. ते पूर्वीसारखं जोर लावत नाही, त्यामुळे शरीरात पाणी साठतं. पायावर सूज दिसायच्या आणि धाप लागायच्या आधी ते वजनात दिसतं. तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर थांबायचं नाही, त्याच दिवशी यायचं. "म्हणजे वजन बरोबर पाहिजे," असं म्हणून त्यांनी विषय संपवला.

"मंग मी तेच तं म्हणून राहिलो," बाबा म्हणाले.

डॉक्टरांना हे माहीत नव्हतं की समोर बसलेला म्हातारा चौतीस वर्षं अकोल्याच्या धान्यबाजारात मापारी होता. शेतकऱ्याचं पोतं काट्यावर चढतं, तेव्हा आकडा वाचून मोठ्याने सांगतो तो मापारी. विकणारा त्याच्याकडे संशयाने बघतो आणि घेणाराही. बाबांना त्याचं कधी वाईट वाटलं नाही. बाजारात त्यांचं एक वाक्य प्रसिद्ध होतं, "हात काढ, पाय काढ." तूर किंवा हरभरा मोजताना कोणीतरी सहज म्हणून पोत्याला हात लावून उभं राहायचं, कोणी खालून गुडघा टेकवायचं. बाबा आकडा सांगायच्या आधी हे वाक्य म्हणायचे. पोत्याला कोणी हात लावलेला नसला तरी म्हणायचे.

निवृत्तीनंतर आई गेली. मी एकुलती एक. बाबांनी मुलीच्या घरी राहायला दोन वर्षं नकार दिला, आणि जिना चढताना धाप लागायला लागली तेव्हा एक ट्रंक घेऊन अमरावतीला आले.

आमच्याकडे एक वजनकाटा होता. गोल तबकडीचा, स्प्रिंगचा. माझ्या नवऱ्याने फिरायला जायचं ठरवलं त्या वर्षी आणला होता आणि फिरणं बंद झालं त्या महिन्यात तो पलंगाखाली गेला होता. मी तो पुसून बाथरूममध्ये ठेवला. बाबा चढले. अठ्ठावन्न. उतरले, काटा दाराबाहेर पायपुसण्यावर ठेवला, पुन्हा चढले. त्रेसष्ट.

"बाथरूमच्या फरशीले उतार असते," ते म्हणाले. "पानी जायासाठी. तिथं काटा ठेवत नसतात. अन् पायपुसण्यावर तं नाईच."

मग त्यांनी तो स्वयंपाकघराच्या कडक फरशीवर ठेवला आणि तीन वेळा चढले. साठ, साडेसाठ, एकोणसाठ. बाबांनी तबकडीवर वाकून पाहिलं, काचेवर टिचकी मारली आणि काटा स्वतःच पलंगाखाली ढकलून आले.

नवऱ्याने मोबाईलवरून दुसरा मागवला. काचेचा, पातळ, निळ्या आकड्यांचा. तो फोनला जोडता येत होता आणि शरीरात चरबी किती, हाडं किती हेही सांगत होता. नवऱ्याने हौसेने सगळं जोडून दिलं. बाबा चढले. एकसष्ट पूर्णांक चार. उतरून पुन्हा चढले. एकसष्ट पूर्णांक चार. पाच वेळा चढले, पाचही वेळा तेवढंच.

"बघा बाबा," नवरा म्हणाला, "आता तर झालं समाधान?"

बाबा खाली उतरले. काट्याकडे बघत उभे राहिले. मग म्हणाले, "जवाईबापू, इतकं इमानदार यंत्र मी जन्मात पाह्यलं नाई." आणि मला म्हणाले, "बाई, गिलासभर पानी दे."

"बाबा, सकायपासून तीन गिलास झाले."

"पेत नाई. धरतो."

पाण्याने भरलेला स्टीलचा ग्लास हातात धरून ते काट्यावर चढले. एकसष्ट पूर्णांक चार. ग्लास मला दिला, पुन्हा चढले. एकसष्ट पूर्णांक चार. मग काठोकाठ भरलेला मोठा तांब्या मागितला. तांब्या हातात आल्यावर मात्र काट्याने एकदम बासष्ट पूर्णांक आठ दाखवलं.

माझा नवरा त्यावर बराच वेळ फोनमध्ये शोधत बसला. शेवटी त्याला सापडलं. काही काटे मुद्दामच तसे बनवलेले असतात. वजनात थोडाच फरक असेल तर ते नवीन आकडा दाखवतच नाहीत, मागचाच पुन्हा दाखवतात. म्हणजे चार वेळा चढणाऱ्याला वाटतं, वा, काय अचूक काटा आहे.

"हा वजन करत नाई," बाबा म्हणाले. "मांघं काय सांगतलं होतं ते आठवून सांगते."

तो काटा परत गेला. हाडांचा हिशोब माझ्या नवऱ्याच्या फोनमध्ये राहिला.

त्यानंतर आम्ही दुकानं पालथी घालायला लागलो. मी एका ज्युनिअर कॉलेजात भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक आहे. वजनं, तराजू, मोजपट्ट्या हे माझंही रोजचं काम. पण बाबांपुढे मी माझं शिक्षण कधी काढलं नाही. माझ्या पेटीतलं सगळ्यात मोठं वजन दोनशे ग्रॅमचं, चिमट्याने उचलायचं. बाबांच्या ट्रंकेतलं पाच किलोचं होतं.

त्या पाच किलोची हकिगत अशी. निवृत्तीच्या दिवशी बाजारातल्या लोकांनी बाबांना शाल आणि नारळ दिला. काटे दुरुस्त करणारे एक चाचा होते, त्यांनी पाच किलोचं लोखंडी वजन दिलं. सरकारी शिक्क्याचं. म्हणाले, शाल फाटेल, हे फाटणार नाही. चाचांची आणि बाबांची तीस वर्षांची ओळख. बाबांना एखाद्या काट्याचा संशय आला की ते मोजणी थांबवायचे आणि चाचांना बोलावणं जायचं. व्यापारी चिडायचे, ताटकळलेले शेतकरीही चिडायचे. चाचा सायकलवरून यायचे, काटा उघडायचे, आणि बहुतेक वेळा आत काहीतरी सापडायचं. एकदा तर पोतं ठेवायच्या तव्याखाली उंदराचं बिऱ्हाड होतं.

तर ते वजन कापडी थैलीत घालून बाबा अमरावतीच्या बाजारात निघाले. थैली अर्थात माझ्या हातात. राजकमल चौकाजवळच्या पहिल्याच दुकानात दुकानदाराने विचारलं, "काका, थैलीत काय हाय?"

"वजन."

"कायचं?"

"वजनाचंच."

दुकानदाराने माझ्याकडे पाहिलं. मी काट्यांकडे बोट दाखवलं. त्याने चार-पाच काढून मांडले. बाबांनी एकेका काट्याच्या चारही कोपऱ्यांवर ते लोखंड ठेवून पाहिलं. एका कोपऱ्यात पाच, दुसऱ्यात पाच पूर्णांक दोन, तिसऱ्यात चार पूर्णांक नऊ.

"चार कोपऱ्याले चार भाव," बाबा म्हणाले.

"काका, मानूस मधात उभा राह्यते. कोपऱ्यात कोन उभं राह्यते?"

"म्हाताऱ्या मानसाचा पाय कुठी पडीन, सांगता येते का?"

दुकानदाराला हे पटलं असावं, कारण त्याने आणखी दोन काढले. त्यातला एक बाबांना बरा वाटला, पण पाणी भरलेली बाटली हातात धरून चढल्यावर तोही मागचाच आकडा सांगायला लागला. दुसऱ्या दुकानात आम्हाला वजन खाली ठेवू दिलं नाही, काच फुटेल म्हणाले. तिसऱ्या दुकानातला माणूस औषधांच्या सामानाचा, जरा समजूतदार. त्याने पंधरा मिनिटं सगळं बघितलं आणि विचारलं, "काका, तुमाले वजन कराचं हाय, का काट्याची परीक्षा घ्याची हाय?"

"आधी परीक्षा," बाबा म्हणाले.

त्या रविवारी आम्ही अकोल्याला चाचांकडे गेलो. नवऱ्याने गाडी काढली. मूर्तिजापूरला चहाला थांबलो. बाबांनी आपल्या वाटणीचा अर्धा कप मोजून घेतला आणि तो दीड लिटरात धरायला मला सांगितलं.

चाचांचं दुकान जुन्या शहरात, एका खोलीचं. भिंतीला जुने तराजू टांगलेले, खाली विजेचे काटे उघडे पडलेले. चाचा आता सत्तरीच्या पुढचे, दाढी पांढरी, डोळ्याला भिंग लावून तार जोडत होते. बाबांना पाहून उठले.

"अरे भाऊ! तुम्ही बी चढले का आखिर काट्यावर?"

"चढा लागलं."

"बैठो. बेटी, तू बी बैठ. जवाई साहेबाले खुर्ची द्या रे बाप्पा, ती नको, ती तुटेल हाय."

बाबांनी आजार दोन वाक्यांत सांगितला आणि काट्यांची कथा अर्धा तास. चाचा मधूनमधून "तौबा" म्हणत होते. मग म्हणाले, "भाऊ, दुकानातल्या काट्याले शिक्का लागते. दर टायमाले साहेब येते, तपासते. ये घरवाले काट्याले कोण पूछता है? शिक्का नाई, तपासणी नाई. माणूस घरात उभा राहते, पाहते, खूश होते, नाईतर दुखी होते. बस."

त्यांच्याकडे विकायला तीन होते. दोन त्यांनी स्वतःच बाजूला सारले. तिसरा जाड, काळा, वरून रबर लावलेला, दिसायला कुरूप. फोनला जोडता येत नव्हता. हाडं मोजत नव्हता. चाचांनी त्यावर वीस वीस किलोची शिक्क्याची तीन वजनं चढवली. साठ पूर्णांक दोन. उतरवली, चढवली. साठ पूर्णांक दोन. त्यावर अर्धा किलो ठेवलं. साठ पूर्णांक सात. अर्धा काढून पावशेर ठेवलं, तर आकडा साठ पूर्णांक चार आणि पाचच्या मध्ये घुटमळला आणि पाचवर बसला. कोपऱ्यात सरकवलं, तरी तेच. दोघं म्हातारे ते लोखंड आळीपाळीने उचलत होते. बाबांना जड उचलायला मनाई होती, म्हणून अर्ध्या वाटेत माझ्या नवऱ्याला जुंपलं गेलं. दहा वेळा चढवून उतरवून झाल्यावर त्याचा शर्ट ओला झाला होता.

"दोनशे ग्राम जास्त सांगून राहिला," चाचा म्हणाले. "खोलू क्या? दहा मिनिटात ठीक करतो."

"राहू द्या," बाबा म्हणाले. "दोनशे जास्त तं दोनशे जास्त. रोज तेवढंच जास्त सांगते ना?"

"रोज."

"मंग झालं. मले त्याची खोड समजली."

मी वीस वर्षं प्रयोगशाळेत हेच शिकवायचा प्रयत्न करते आहे. उपकरण थोडं चुकत असेल तर चालतं, पण ते दर वेळी सारखंच चुकलं पाहिजे. मुलांच्या डोक्यात ते शिरत नाही.

निघताना चाचांनी सांगितलं की नातीचा निकाह ठरला आहे, दोन महिन्यांनी, इथेच अकोल्यात. नातीला बाबांनी लहानपणी बाजारातल्या काट्यावर बसवून तिचं वजन करून दिलं होतं. तिची आई रडत होती की पोर भरत नाही, आणि बाबांनी दर महिन्याला आकडा सांगून तिची समजूत घातली होती. "तिनं खास सांगितलं हाय," चाचा म्हणाले. "आनाच है."

"येतो म्हंजे येतो," बाबा म्हणाले. गाडीत बसल्यावर त्यांनी मला निकाहाची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवायला सांगितली. घरी आल्यावर लिहिली का म्हणून विचारलं.

काट्याची जागा त्यांनी एक संध्याकाळभर शोधली. स्टीलच्या ताटात पाणी घेऊन घरभर फिरले, ते कुठे एका बाजूला जात नाही हे बघत. शेवटी स्वयंपाकघर आणि बाथरूम यांच्यामधल्या बोळात, वॉशिंग मशीनशेजारी जागा ठरली. तिथे खडूने चौकोन आखला. कपड्यांचा नियम त्यांनीच केला. "कपडे म्हंजे बारदाना," ते म्हणाले. पोत्याचं स्वतःचं वजन म्हणजे बारदाना, तो धान्यातून वजा करायचा असतो. एक बनियन, एक पायजमा, दोन्ही धुवायला गेले तर त्याच मापाची दुसरी जोडी. सकाळी संडासला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी. माझ्या जुन्या प्रॅक्टिकल वहीत ते आकडा लिहायचे. तारीख, वजन, आणि शेरा. शेऱ्याचा रकाना बहुतेक रिकामा असायचा. एके दिवशी आठशे ग्रॅम वाढले. बाबांनी शेऱ्यात लिहिलं, लोणचं. शेजारच्या घरी वरणभातासोबत दोन फोडी खाल्ल्याचं त्यांनी आम्हाला सांगितलं नव्हतं. वहीला सांगितलं होतं.

डॉक्टरांनी ती वही पाहिली तेव्हा ते पहिल्यांदा हसले. म्हणाले, माझ्या सगळ्या पेशंटांनी असं लिहावं. बाबांनी परतीच्या वाटेत हे वाक्य दोनदा उच्चारलं, दोन्ही वेळा स्वतःशी.

दोन महिने असे गेले. थंडी पडली. निकाह रविवारी होता. बाबांचा पांढरा सदरा इस्त्री होऊन खुंटीला लागला होता. त्या आठवड्यात मला एक गोष्ट दिसली. बाबा पलंगाच्या कडेला बसून मोजे घालत होते आणि एक मोजा घालून झाल्यावर थांबले. दुसरा हातात धरून बसून राहिले. मी विचारलं, "काय झालं?"

"काई नाई. थंडी हाय."

संध्याकाळी मोजे काढले तेव्हा घोट्यावर इलॅस्टिकची खोल खूण होती. उशाशी दोनऐवजी तीन उशा होत्या. मी वही उघडली. सोमवार, एकसष्ट पूर्णांक चार. मंगळवार, एकसष्ट पूर्णांक चार. बुधवार, एकसष्ट पूर्णांक चार. त्याच्या आधीचा रविवारही तेवढाच.

प्रयोगशाळेत अशा वह्या माझ्याकडे दर वर्षी येतात. सगळी निरीक्षणं हुबेहूब सारखी आली की समजायचं, याने प्रयोग केलेला नाही. खऱ्या मोजणीत आकडा थोडा इकडे, थोडा तिकडे होतोच. बाबांच्या आधीच्या पानांवर तसा तो होत होता. एकसष्ट दोन, एकसष्ट पाच, एकसष्ट तीन. मला आधी काट्याचाच संशय आला. बाबा झोपले होते तेव्हा मी ट्रंकेतून पाच किलोचं वजन काढलं आणि काट्यावर ठेवलं. पाच पूर्णांक दोन, नेहमीचेच दोनशे जास्त. मी स्वतः चढले. माझं जे असतं ते. काटा ठीक होता.

गुरुवारी सकाळी मी कणीक मळायला लवकर घेतली आणि स्वयंपाकघराच्या दारात परात घेऊन उभी राहिले. बाबा बाथरूममधून आले. त्यांनी बनियनची कड नीट केली, चौकोनातला काटा पायाने जरा सरळ केला आणि चढले. डावा हात वॉशिंग मशीनवर होता. पंजा पूर्ण टेकलेला, बोटं पसरलेली. डोळे आकड्यावर. ते हाताचा दाब जरा वाढवत होते, जरा कमी करत होते, गाणारा माणूस तानपुरा लावतो तसं. आकडा हलत हलत एकसष्ट पूर्णांक चारवर आला आणि थांबला.

हे सोपं नाही. मी नंतर करून पाहिलं. माझा आकडा अर्धा किलो इकडे, अर्धा किलो तिकडे पळत राहिला. रोज शंभर ग्रॅमचाही फरक पडू न देता हात टेकवणं, हे चौतीस वर्षं काट्याशी काढलेल्या माणसालाच जमतं.

"बाबा," मी म्हणाले, "हात काढा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. आकड्याकडेच बघत राहिले. मी परात ओट्यावर ठेवली. कणकेचे हात तसेच घेऊन त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिले.

"हात काढा, बाबा."

त्यांनी हात उचलला. आकडा विझला, पुन्हा लागला. चौसष्ट पूर्णांक दोन.

बाबांनी तो आकडा बराच वेळ वाचला. मग खाली उतरले. भिंतीला धरून उतरले, हे मला तेव्हाच दिसलं.

"काटा बरोबर हाय," ते म्हणाले.

नवऱ्याने गाडी काढली. बाबा सदरा बदलून मागे बसले. वाटेत त्यांनी एकच प्रश्न विचारला. "रविवारपर्यंत सोडतीन का?" डॉक्टरांनी त्यांच्या छातीला नळी लावून ऐकलं, पायावर अंगठा दाबून बघितलं. अंगठा काढल्यावर खड्डा तसाच राहिला. फुप्फुसात पाणी धरायला लागलं होतं. डॉक्टर म्हणाले, बरं झालं आज आलात. आणखी दोन-तीन दिवस उशीर झाला असता तर तुम्ही यांना बसवून आणू शकला नसता, झोपवून आणावं लागलं असतं. मग मला विचारलं, "वजन रोज करत होता ना?"

"करत होते," मी म्हणाले.

बाबा छताकडे बघत होते.

सहा दिवस दवाखान्यात राहावं लागलं. इंजेक्शनांनी पाणी उतरायला लागलं. वॉर्डात एक उंच, जुना काटा होता. दुसऱ्या दिवशी नर्स बाबांना त्यावर घेऊन गेली, तेव्हा बाबांनी तिला सांगितलं की ह्या काट्याले पासंग हाय, किलोभर तरी खोटं सांगते. ती म्हणाली, "आजोबा, सरळ उभे राहा." ते सरळ उभे राहिले, दोन्ही हात अंगाशी, शाळेत कवायतीला उभे राहतात तसे.

मला राग यायला तीन दिवस लागले. आधी धावपळ होती. चौथ्या दिवशी सकाळी ते उठून बसले, रंग बरा दिसला, त्यांनी फिक्क्या वरणाची तक्रार केली, आणि माझ्या डोळ्यांना धारा लागल्या. "बाबा, तुमाले समजत होतं सारं," मी म्हणाले. "डॉक्टरपेक्षा जास्त समजत होतं. जीव गेला असता."

"हाव," ते म्हणाले.

"मंग काहून केलं असं?"

त्यांनी अंगावरची चादर सरळ केली. मग म्हणाले, "पह्यल्या दिवशी हात असाच लागला. चक्कर आल्यासारखं वाटलं, टेकवला. आकडा चांगला आला. मंग दुसऱ्या दिवशी म्हटलं, रविवार होऊन जाऊ दे." थोड्या वेळाने म्हणाले, "चौतीस वर्षं लोकायचे हात काढले. मी म्हनो, लबाड हायेत सारे. आता वाटते, कोनी लबाड असन, कोनाले कुठी जायाचं असन."

मला ते पटलं होतं असं नाही. पण रडू थांबलं होतं.

त्यांनी वही मागवली. घरून आणून दिली तेव्हा त्यांनी चष्मा लावला आणि ते चारही आकडे एकेका रेघेने खोडले. गिरवून नव्हे, खालचा आकडा वाचता येईल असे. बाजारात चुकीची नोंद अशीच खोडतात. प्रत्येक रेघेपुढे सही केली आणि शेऱ्यात लिहिलं, हात लागला.

रविवारचा निकाह त्यांच्याशिवाय झाला. माझा नवरा जाऊन आला. त्याने सांगितलं की चाचांनी पंगतीत बाबांच्या नावाने एक खुर्ची रिकामी ठेवली होती आणि कोणी बसायला आलं की उठवत होते. बाबांनी जेवणात काय होतं ते विचारलं. नवऱ्याने सगळं सांगितलं. बाबांनी डोळे मिटून ऐकलं.

घरी आल्यावर वजन करताना त्यांनी स्वतःहून नियम बदलला. आता बोळाचं दार उघडं ठेवायचं, आणि आकडा मी वाचायचा. "मापारी आपलंच पोतं मोजत नसते," ते म्हणाले. मी वाचते, ते लिहितात. घाईत एखादे दिवशी मी लांबूनच आकडा सांगितला तर ते पुन्हा चढतात.

पंधरा दिवसांनी चाचा आले. सोबत नात आणि तिचा नवरा. तिघं गाडीने परतवाड्याला कोणाकडे निघाले होते, वाट वाकडी करून आले. चाचांना सगळं कळलं होतं. माझ्या नवऱ्यानेच सांगितलं असणार. ते बाबांच्या समोर बसले, दाढीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "भाऊ, तुम्ही?"

"हाव. मीच."

"मेरे काटे के साथ?"

"तुमच्या काट्यानं काई नाई केलं. हात माहा होता."

चाचांनी बराच वेळ त्यांच्याकडे रोखून पाहिलं. मग हसायला लागले. इतके हसले की त्यांना ठसका लागला, मला पाणी आणावं लागलं. बाबा हसले नाहीत, पण त्यांनी चाचांची पाठ थोपटली. नात खाली वाकून बाबांच्या पाया पडली. बाबांनी तिला वरखाली न्याहाळलं आणि म्हणाले, "भरली पोरगी."

चहा झाला. तिच्या नवऱ्याला गप्पांमध्ये काट्याबद्दल कळलं. चांगला धिप्पाड, हसरा मुलगा. त्याने बोळात जाऊन बूट काढले आणि काट्यावर पाय ठेवायला गेला.

"आता नाई," बाबा खोलीतून म्हणाले. "आता चहा पेला. जेवन झालं. बारदाना बी लय हाय अंगावर." ते उठून बोळाच्या दाराशी गेले. "सकायी या. चहाच्या आधी."

"आजोबा, सकाळी आम्ही परतवाड्याला असू."

"मंग मुक्काम करा इथंच," बाबा म्हणाले.

मुलगा आधी हसला, मग त्याने चाचांकडे पाहिलं. चाचा टोपी काढून टेकून बसले होते, उठायच्या बेतात दिसत नव्हते. नात माझ्याबरोबर स्वयंपाकघरात आली आणि तिने हळूच विचारलं की बाबांसाठी बिनमिठाची भाजी वेगळी टाकायची का सगळ्यांचीच तशी करायची. मी म्हणाले, सगळ्यांची तशीच कर, आणि मीठ पानात वाढ. तिने कांदा घेतला आणि चिरायला बसली. त्या संध्याकाळी ते तिघंही राहिले.